गाडी चमकवायचीय? औंढ्यात काय घ्यावे, ऑनलाइन काय मागवावे? खरेदीआधी हे वाचा

औंढा नागनाथ : नवी गाडी घेतली की ती आधी नागनाथाच्या दारात उभी राहते. बोनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि वरून नारळाचे पाणी. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडतो. हे डाग काढायचे कशाने? घरात कपड्याची पावडर आणि जुना टॉवेल हाताशी असतो आणि तिथूनच रंगाचे नुकसान सुरू होते.

नुकसान नेमके कशाने होते?

गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. काळ्या मातीची धूळ फडक्याखाली घासली गेली की त्यातील बारीक कण या थरावर ओरखडे पाडतात. उन्हात दिसणारी गोल जाळी ती हीच. बोअरचे जड पाणी पत्र्यावरच वाळले तर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. कपड्याची पावडर अल्कधर्मी असते. ती वॅक्स उतरवते, शिवाय हळदीचा डाग लाल करते.

गावातल्या दुकानात काय घ्यावे?

- स्पेअर पार्ट, ऑटोमोबाइलच्या दुकानात : कार शाम्पू, डॅशबोर्ड पॉलिश, मायक्रोफायबर कापड, स्पंज.
- हार्डवेअरच्या दुकानात : दोन बादल्या, पाइप, स्प्रेची बाटली.
- गाड्यांच्या रंगाच्या दुकानात : रबिंग कंपाउंड. हे मात्र जपून वापरा. कंपाउंड ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर घासून कमी करते.

दुकानातून घेण्याचा फायदा म्हणजे वस्तू हातात घेऊन पाहता येते आणि बिल मिळते. सुटा, लेबल नसलेला शाम्पू मात्र टाळा.

ऑनलाइन काय मागवावे?

क्ले बार, सिलंट, जाड मायक्रोफायबर टॉवेल अशा वस्तू लहान गावात सहज मिळत नाहीत. हिंगोली, परभणी किंवा नांदेडला जाणे होणार नसेल, तर ऑनलाइनचा पर्याय आहे. टॉवेल घेताना ‘जीएसएम’ पाहा. पुसायला 300 ते 400, तर पाणी टिपायला 800 च्या आसपास. क्ले बार जमिनीवर पडला तर पुन्हा वापरू नका, चिकटलेली खडी रंग खरवडते.

‘9एच’ म्हणजे हिऱ्यासारखे कठीण?

नाही. हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे. सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि धूळ कमी चिकटते. उडालेला दगड किंवा खोल ओरखडा ते थांबवत नाही.

बनावट माल आला तर?

पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवा क्रमांक असणे बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशही हवा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला, तरी औंढ्याच्या ग्राहकाला दिल्ली गाठायची गरज नाही. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

सुरुवात कशाने करावी?

दोन बादल्या, कार शाम्पू आणि दोन मायक्रोफायबर कापडे एवढे पुरे. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत कापड खळबळून घ्यायला साधे पाणी. हळदी-कुंकू आधी न घासता पाण्याच्या धारेने उतरवा, मग शाम्पू लावा. गाडी सावलीत धुवा आणि लगेच पुसा. हळदीची पिवळी छटा राहिलीच तर घासू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडतो.