रिब फसली? आधी टाका वाचा

योकोहामात घेतलेल्या विणकामाच्या पुस्तकात शब्दांपेक्षा चौकटीच जास्त असतात. उभी रेघ म्हणजे सुलट, आडवी म्हणजे उलट. पण ही जपानी चिन्हं विणीची दर्शनी बाजू दाखवतात. म्हणून मागच्या बाजूच्या ओळीत उभ्या रेघेवर उलट टाका घालायचा. नवशिक्यांची रिब इथेच दाणेदार होते.

टाके वाढत असतील, तर लोकर दोन सुयांच्या मधूनच पुढे-मागे न्या, सुईवरून नको. चुकलेला एकच टाका खाली सोडून क्रोशाच्या सुईने वर घ्या. सगळं उसवू नका, खरंच गरज नसते.

काठ सैल पडला तर बारीक सुई घ्या, पण नंबर जपून: जपानी ८ नंबर ४.५ मिमी, तर आपल्याकडचा, जुन्या ब्रिटिश मापाचा, ४ मिमी. आकडा वाढला की जपानी सुई जाड होते, आपली बारीक.