वीस किलोंची पेटी

जून सरता सरता वाशीच्या फळबाजारातला आंबा आवरतो. गाळ्यांपुढचा पेंढा झाडून काढतात, हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्या कुठं कुठं कोपऱ्यात पडून राहतात, आणि एमएच-०८ पाटीच्या टेम्पोंच्या जागी हळूहळू एचपी पाटीचे ट्रक येऊन उभे राहतात. महिन्या-दीड महिन्यानं त्यांच्यात जेके पाटीच्या गाड्या मिसळतात. मग थेट थंडी संपेपर्यंत या बाजारावर सफरचंदाचं राज्य. (सगळी मुंबई याला ‘वाशी मार्केट’ म्हणते, पण जागा तुर्भ्याची. तुर्भेकरांनी यावर वाद घालणं केव्हाच सोडून दिलंय.)

सफरचंद आणि नवी मुंबई यांचा संबंध एवढाच, असं आपल्याला वाटतं. झाड डोंगरात, आपण खाणारे. पण शिमल्याच्या वरच्या अंगाला दोन-चार बिघे बाग असलेला माणूस, किंवा शोपियांमध्ये कनालांत जमीन मोजणारा काश्मिरी (आठ कनाल म्हणजे एक एकर), यांच्या वर्षभराच्या मेहनतीचं मोल काय, हे ठरण्याच्या ज्या थोड्या जागा देशात आहेत त्यांतली ही एक. आणि ते मोल फळात जेवढं असतं तेवढंच ते फळ ज्यात भरलेलं असतं त्या पुठ्ठ्याच्या पेटीत असतं. लहान बागायतदाराला आधार कशाचा, असं विचारलं तर लोक अनुदान, रोपं, फवारणीची औषधं सांगतात. मी आधी पेटी सांगेन.

पेटीकडे जाण्यापूर्वी बाजाराविषयी दोन शब्द. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ ची. दक्षिण मुंबईतली कोंडी फोडायची म्हणून घाऊक बाजार एकेक करून खाडीपलीकडे आले. कांदा-बटाटा १९८१ मध्ये आला, फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून १९९६ मध्ये. यायला व्यापारी खुशीत नव्हते. आज त्यांना परत जा म्हटलं तर जाणार नाहीत.

माल उतरतो, माथाडी तो गाळ्यात लावतात, खरेदीदार पेटी फोडून बघतो, भाव होतो. कधी आवाजात, कधी रुमालाखाली बोटं दाबून. बागायतदार या वेळी दोन हजार किलोमीटरवर असतो. त्याच्या हाती नंतर एक कागद पडतो. त्याला पट्टी म्हणतात. त्यावर पेट्या किती, भाव काय, आणि खाली वजावट : भाडं, हमाली, तोलाई, उचल घेतली असेल तर ती. कोकणातल्या कुठल्याही आंबेवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मोहोर दिसायच्या आत दलालाची उचल घ्यायची आणि मग माल त्याच्याच गाळ्यावर पाठवायचा, हा खेळ देवगडला चालतो तसाच हिमाचलातल्या कोटगडला चालतो. महाराष्ट्रानं जुलै २०१६ मध्ये एक गोष्ट बदलली. फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरलं. त्यावर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. माझ्या मते गेल्या काही दशकांत लहान फळउत्पादकाच्या बाजूनं झालेल्या थोड्या ठोस गोष्टींपैकी ही एक.

पुष्कळ लहान बागायतदारांचा माल वाशीपर्यंत त्यांच्या नावानं येतही नाही. ठियोगजवळच्या पराळा मंडीत किंवा शिमल्याच्या ढल्लीत तो विकला जातो. घेणाऱ्याला तिकडे ‘लदानी’ म्हणतात. लदानी ट्रक भरतो आणि मुंबई, बंगळूर, चेन्नई अशा दिशा धरतो. म्हणजे वाशीचा भाव डोंगरात पोचतो तो लदानीच्या तोंडून.

आता पेटी. पूर्वी सफरचंद लाकडी खोक्यात यायचं. त्यापायी डोंगरातली जंगलं तुटू लागली, तेव्हा पुठ्ठा आला. आला तो दोन भागांचा : तळ वेगळा, झाकण वेगळं, आणि झाकण तळावर सरकणारं. तिकडे त्याला टेलिस्कोपिक म्हणतात. आत कागदी लगद्याचे खळगेदार ट्रे. मोठ्या फळाच्या पेटीत शंभर नग, मध्यम सव्वाशे, लहान दीडशे, आणि अगदी बारीक म्हणजे ‘पिट्टू’, तो दोनशेच्या पुढे. ही मोजणी बागेतली पोरंही डोळे मिटून सांगतात.

सरकणाऱ्या झाकणाची गंमत अशी की ते जितकं वर उचलाल तितकी पेटी उंच होते. पाच थरांच्या जागी सहा बसतात, रेटलं तर सात. विकली मात्र जाते पेटीच्या भावानं. समजा पेटीचा भाव सोळाशे झाला. आत वीस किलो असतील तर किलोला ऐंशी रुपये सुटले. आत अठ्ठावीस असतील तर सत्तावन्न. वरचे आठ किलो फुकट गेले, आणि भाडं त्यांचंही लागलंच. मग बागायतदार जास्त भरतात कशाला? कारण शेजारचा भरतो. भरगच्च पेटीपुढं वीस किलोंची पेटी रोडावलेली दिसते आणि खरेदीदार तिच्याकडे पाठ फिरवतो. एकट्यानं प्रामाणिक राहायला इथं शिक्षा होती. ज्याच्या पाच हजार पेट्या निघतात तो घासाघीस तरी करू शकतो. ज्याच्या दीडशे निघतात त्यानं काय करायचं?

हा पेच एकट्यानं सुटणारा नव्हता, आणि सफरचंदवाल्यांना संघटना नवी नाही. १९१६ मध्ये सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानं कोटगडला रेड डेलिशियसची रोपं आणली (पुढं ते सत्यानंद झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले). त्याच कोटगडला जुलै १९९० मध्ये आधारभावासाठी रस्त्यावर आलेल्या बागायतदारांवर गोळीबार झाला आणि तिघं गेले. पुठ्ठ्यावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा ५ ऑगस्ट २०२२ ला बागायतदारांच्या डझनावारी संघटना एकत्र येऊन शिमल्याच्या सचिवालयावर गेल्या. रिकाम्या खोक्यासाठी मोर्चा, हे शहरात हसण्यावारी नेण्याजोगं वाटेल. पण खोकं, ट्रे, भराई आणि भाडं मिळून पट्टीतला केवढा घास जातो हे ज्याला ठाऊक आहे तो हसणार नाही.

हिमाचल सरकारनं २०२३ मध्ये सफरचंद किलोवर विकायचं ठरवलं आणि पेटीला २४ किलोंची मर्यादा घातली. ती पाळवून घेणं जड गेलं, कारण सरकणारं झाकण होतंच. म्हणून २०२४ च्या हंगामापासून एकसंध पेटी सक्तीची झाली. तिला युनिव्हर्सल कार्टन म्हणतात, मावतात साधारण वीस किलो. झाकण वर सरकत नाही, त्यामुळं जास्त भरायचं म्हटलं तरी जागा नाही. एका पुठ्ठ्याच्या घडीनं जे साधलं ते अनेक परिपत्रकांना साधलं नव्हतं. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं पुठ्ठ्याच्या पेट्यांवरचा कर १८ वरून पुन्हा १२ वर आणायची शिफारस केली, ती २०२२ च्या त्या मोर्चानंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

पेटीनं वजनाचा प्रश्न सुटतो, वेळेचा सुटत नाही. फळ झाडावरून उतरलं की घड्याळ सुरू. मोठ्या कंपन्या आणि व्यापारी ते थांबवू शकतात : बंद खोलीत थंडी ठेवून प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आणला की सफरचंद झोपी जातं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. ऑक्टोबरचं फळ आपण एप्रिलमध्ये खातो ते यामुळं. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो. लहान बागायतदाराला थांबता येत नाही, आणि कधी कधी त्याला नको तिथं थांबवलं जातं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दरडींमुळं जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला आणि भरलेल्या ट्रकांतच माल कुजला. त्याच सप्टेंबरात बडगामहून दिल्लीला सफरचंदाची पार्सल रेल्वे सुरू झाली.

त्यातून नवी मुंबईला दुसराही दरवाजा आहे. तुर्भ्याहून ट्रकनं फार लांब नाही, तिथं न्हावा-शेवा बंदर. वॉशिंग्टन, तुर्कस्तान, इराण, न्यूझीलंडची सफरचंदं शीतकंटेनरमधून तिथं उतरतात. केंद्रानं मे २०२३ पासून किलोमागे पन्नास रुपयांहून स्वस्त सफरचंद आयात करायला मनाई केली, ती बव्हंशी डोंगरातल्या बागायतदारांच्या ओरडीमुळं. पण गाळ्यात मेण लावलेलं, स्टिकर डकवलेलं परदेशी फळ आणि किन्नौरचं खरबरीत फळ शेजारी ठेवलं की गिऱ्हाइकाचा हात कुठं जातो, हे मी पुरेशा वेळा पाहिलं आहे.

आता आपल्याकडच्या सफरचंदाची गोष्ट. ती सुरू होते हिमाचलात. बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी उष्ण पट्ट्यात येणारं एचआरएमएन-९९ हे वाण निवडलं, त्यासाठी २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रेड डेलिशियसला हजारभर तास कडक थंडी लागते, याला ती फारशी लागत नाही. ते वाण, आणि इस्रायलची ॲना, बहामाजची डोर्सेट गोल्डन, ही आता नाशिक, नगर, सोलापूरकडच्या काही बांधांवर उभी आहेत. डाळिंबाला ताण देऊन बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला या झाडाची पानगळ करून फूल काढणं अवघड जात नाही. ॲनाला परागासाठी जोडीदार झाड लागतं, हे मात्र रोपं विकणारा आधी सांगेलच असं नाही. फळ मे-जूनमध्ये येतं, म्हणजे आंबा संपत आलेला आणि हिमाचलचा ट्रक अजून निघायचा, अशी मोकळी खिंड आहे.

खिंड आहे म्हणून लगेच एकरभर लावू नका. आधी संघटना लागते. द्राक्षाला १९६० च्या दशकापासून बागायतदार संघ होता, छाटणीची तारीखसुद्धा शेतकरी एकमेकांना विचारून ठरवत. म्हणून १९९१ मध्ये द्राक्षनिर्यातीसाठी महाग्रेप्स उभी राहू शकली. सफरचंद लावायचंच असेल तर आधी तालुक्यातली दहा माणसं जमवा, पाच-पाच झाडांवर तीन वर्षं बघा, आणि माल निघाला तर एका नावानं, एका प्रतवारीनं, वीस किलोंच्या पेटीत पाठवा. सुट्या क्रेटमधून आलेल्या चार-दोन शेतकऱ्यांच्या फळाला वाशीत नाव मिळत नाही, भावही नाही.

आणि सोसायटीतल्या चौघांत मिळून पेटी घेणाऱ्यांना एवढंच : गाळ्यावर काटा असतो. पेटी त्यावर ठेवायला सांगा आणि भाव किलोचा विचारा.