चेहरा पाहून औषध?

रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. पाळी संपवून आलेल्या माणसाचा चेहरा घरचे आधी वाचतात, डॉक्टर नंतर.

होमिओपॅथीतही चेहऱ्याला मान आहे. रुग्णाचं निरीक्षण टिपून ठेवा, असं हानेमान सांगून गेले. ऑस्ट्रेलियातील ग्रँट बेंटली त्याच्याही पुढे गेले. नाकाचा बाक, डोळ्यांची खोली पाहून ‘मायाझम’, म्हणजे आजाराकडचा मूळ कल, ठरवायचा आणि त्या गटातलंच औषध निवडायचं, ही त्यांची पद्धत. त्याच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने मात्र २०१५ मध्ये सांगितलं, की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात नाही.

मग चेहरा पाहूच नये का? जरूर पाहावा! पण नाकाचा बाक जन्माचा, ओठांचा निळेपणा आजचा. अ‍ॅनिलीनसारखं रसायन कातडीतूनही शरीरात जातं. मग रक्त पुरेसा प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. कधी हे काही तासांनी दिसतं, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. अशा वेळी कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि तडक रुग्णालय गाठा. गरज पडल्यास तिथे मेथिलीन ब्लू शिरेतून देतात. कामावर कोणतं रसायन हाताळलं, तेही डॉक्टरांना सांगा.