आखाती देशात नोकरी: व्हिसा मिळाला तरी थांबा
दहावी उत्तीर्ण नसाल, तर तुमच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' शेरा असतो. अशा पासपोर्टवर सौदी अरेबिया, कतार, कुवेतसह 18 देशांत नोकरीला जाताना नुसता व्हिसा पुरत नाही. ई-मायग्रेट पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी जाण्याची सरकारी मंजुरी लागते.

'आधी पर्यटक व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ' असे एजंट म्हणाला, तर पैसे देऊ नका. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पगार अडला तर दाखवायला करारही नसतो.

एजंटची नोंदणी त्याच पोर्टलवर तपासा. त्याचे शुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, पावती मागाच. मंजुरीसाठी प्रवासी भारतीय विमाही घ्यावा लागतो. अपघाती मृत्यू झाल्यास त्यातून 10 लाख रुपये मिळतात, म्हणून पॉलिसीची प्रत घरी ठेवून जा.