रिपोर्टातले ‘आर’

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या मुलाच्या हातात वडिलांचा कल्चर रिपोर्ट पडतो. डावीकडे अँटिबायोटिकांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देणार नाही. वरपासून खालपर्यंत ‘आर’च. “पण डॉक्टर, बाबा तर पाय मोडला म्हणून आले होते. हे इन्फेक्शन आलं कुठून?” अशा वेळी खरं उत्तर बऱ्याचदा ‘इथूनच’ असं असतं. ते तोंडावर सांगणारे डॉक्टर थोडे.

२००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला जंतू सापडला. गृहस्थ नुकतेच दिल्लीच्या रुग्णालयात राहून आले होते. कार्बापेनेम ही अँटिबायोटिकं म्हणजे डॉक्टरांची राखीव फळी, पण हा जंतू तिलाही जुमानेना. औषध निकामी करणाऱ्या त्याच्या नव्या एन्झाइमला एनडीएम-१ म्हणजे नवी दिल्लीचं नाव मिळालं आणि २०१० मध्ये आपल्याकडे गहजब झाला. हा आपल्या मेडिकल टुरिझमविरुद्धचा कट आहे, इथपर्यंत बोललं गेलं. खरं तर त्याच वर्षी, गहजबाच्या काही महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच भारतीय नियतकालिकात छापलं होतं, की तीन महिन्यांत तपासलेल्या २४ कार्बापेनेमरोधक जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. नावावर रुसण्यात आपण वेळ घालवला, आकडा तसाच राहिला.

या एन्झाइमचा जनुक डीएनएच्या एका सुट्या कड्यावर, प्लाझ्मिडवर असतो. शेजाऱ्याला विरजण द्यावं तसा एक जंतू तो दुसऱ्याला देतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. स्वीडनमधल्या त्या रुग्णाच्या पोटातल्या ई. कोलायमध्येही तोच जनुक निघाला.

पोटात असा जंतू बाळगणाऱ्याला ना ताप, ना दुखणं. तो निमूट पडलेला असतो. त्याची चादर सारखी केलेला हात शेजारच्या कॉटवरच्या कॅथेटरला लागतो, तिथून सलाईनच्या सुईला. अशक्त माणसाच्या रक्तात शिरायला जंतूला एवढी वाट पुरते. मग कोलिस्टिनसारखं, मूत्रपिंडांना जाच करणारं जुनं औषध बाहेर काढावं लागतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे अमेरिकी सरकारचं संशोधन रुग्णालय आहे. २०११ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून तिथे एक महिला आली. तिच्या अंगात असाच, पण वेगळ्या एन्झाइमचा क्लेबसिएला आहे हे माहीत असल्यामुळे तिला स्वतंत्र ठेवलं गेलं. ती बरी होऊन घरीही गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जंतू. मग तिसरा, चौथा. वर्षअखेर १८ जणांपर्यंत तो पोचला, ११ दगावले, त्यातले ६ थेट या संसर्गाने. बेसिनच्या मोऱ्यांत आणि स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवरही तो सापडला. शेवटी बाधितांसाठी नवी भिंत घालून वेगळा कक्ष केला, आणि तिथे चोवीस तास माणसं बसवली. त्यांचं काम एकच: आत-बाहेर करणारा प्रत्येक जण हात धुतो की नाही, ते बघायचं. मोठ्या डॉक्टरांचेसुद्धा.