पंपाची सवय लागत नाही

सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला डॉक्टरांनी पंप लिहून दिला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "आता याची सवय लागणार का?" नाही लागत. आजार जुनाट, म्हणून औषध रोजचं. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

'विडीला हातसुद्धा लावला नाही, मग हा आजार कसा?' हेही नेहमीचंच. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरच लेख लिहिला होता. गोवऱ्या-लाकडं जाळून वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात धूर जायचा तो जातोच.

खरी गडबड होते ती नवं औषध सुरू झाल्यावर. समजा, टायोट्रोपियम दिलं. दोन दिवस घेऊन माणूस म्हणतो, "काही फरक नाही," आणि डबी फडताळात जाते. साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत धाप कमी करतो, पण चार-सहा तासांत त्याचा असर ओसरतो. टायोट्रोपियम दिवसातून एकदाच घ्यायचं; ते श्वासनलिका सावकाश सैल करतं आणि चोवीस तास तशा ठेवतं. त्याला थोडे दिवस द्यावे लागतात. अचानक धाप लागली तर ते कामाचं नाही. तेव्हा साल्ब्युटामॉलच हवं.

शिवाय टायोट्रोपियम घेतलं कसं, हेही बघायला हवं. कॅप्सूल दिसली की पाण्याबरोबर गिळणारे महाभाग आहेत! ती रोटाहेलर या ओढायच्या यंत्रात घालून फोडायची, श्वास बाहेर सोडायचा (यंत्रात नव्हे, भुकटी दमट होते), मग तोंडाने जोरात, खोल ओढायचा आणि दहा सेकंद रोखायचा. कॅप्सूलमध्ये भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढायची.

टायोट्रोपियमने तोंड कोरडं पडतं, ते बहुधा चालवून घेता येतं. लघवी अडकली तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगावं. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर औषध सुरू होण्याआधीच.

स्टेरॉइडची भीती इथे गैरलागू, कारण टायोट्रोपियममध्ये ते नसतंच. ज्या पंपात असतं, त्यातही मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. तो घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी होण्याचा धोका कमी होतो.

आणि 'अमेरिकेत नवं इंजेक्शन आलंय, आता पंप कशाला?' डुपिलुमॅब या इंजेक्शनला तिथे 2024 मध्ये सीओपीडीसाठी मंजुरी मिळाली खरी, पण रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या रुग्णांपुरती, आणि तीही चालू पंपाच्या जोडीला.