क्लचप्लेट झिजते केव्हा?

कापडाच्या धंद्यात मीटरमागे दहा पैशांसाठी आम्ही अर्धा तास घासाघीस करतो. सुताच्या पेटीत वजन कमी भरले तर त्याच दिवशी फोन जातो. पण ज्या गाडीतून हा माल भिवंडीहून मालेगावला जातो, किंवा गोदामातून दुकानावर येतो, तिच्या क्लचचा हिशेब ठेवणाऱ्या पेढ्या फार थोड्या. टायर कधी टाकले ते वहीत असते, ऑइल कधी बदलले तेही असते, क्लचची नोंद नसते. मग एके दिवशी भरलेली गाडी चढावर नुसती गुरगुरते, रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सगळा सेट घ्या, मजुरी द्या, वर एक-दोन दिवस गाडी उभी. ईद-दिवाळीचा हंगाम असला तर भाड्याचा टेंपो मागेल ते भाडे घेतो.

त्यानंतर राग निघतो तो चालकावर. क्लच गेला म्हणजे चालकाने जाळला, असा आमच्या बाजारात समज आहे, आणि काही ठिकाणी निम्मा खर्च त्याच्या पगारातून कापण्याचा रिवाजही आहे. कधी त्यात तथ्य असते. पण पुष्कळदा क्लच मालकाच्या हुकमाने जळतो, तर कधी दोघांचाही दोष नसतो. म्हणून क्लच झिजतो कसा ते मालकाने आधी समजून घ्यावे, पगाराला हात मागाहून लावावा.

इंजिनच्या टोकाला एक जड चाक फिरत असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून क्लचप्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. पायडलवरून पाय पूर्ण काढलेला असतो तेव्हा स्प्रिंगच्या जोराने प्लेट दोघांच्या मध्ये घट्ट दाबलेली असते. तिघेही एका वेगाने फिरतात आणि झीज होत नाही. पायडल पूर्ण दाबले की प्लेट मोकळी होते, तेव्हाही ती घासत नाही. घासते ती फक्त मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. इंजिनचा वेग एक, प्लेटचा वेग दुसरा, आणि दोघे एकमेकांवर रगडले जातात. गाडी उठवायची तर थोडा वेळ हे होणारच. तो वेळ किती आणि त्या वेळी इंजिन किती जोरात फिरते, यावर प्लेटचे सगळे आयुष्य ठरते.

ज्यांनी जुने यंत्रमाग चालवले आहेत त्यांना हे लगेच कळेल. माग सुरू करताना हत्था ओढून पट्टा लूज पुलीवरून फास्ट पुलीवर सरकवायचा असे. पट्टा पूर्ण इकडे किंवा पूर्ण तिकडे असला तर चिंता नाही. अर्धा इकडे अर्धा तिकडे राहिला की तो घासून तापत असे. गाडीच्या क्लचमध्ये तेच होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल. हे घासणारे अस्तर मुळात कापडाचेच भावंड आहे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ साली फेरोडो कंपनीचा पाया घातला. ब्रेकची त्याची सुरुवातीची अस्तरे डांबरासारख्या पदार्थात भिजवलेल्या सुती पट्ट्यांची होती. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचे विणलेले अस्तर आले. आजच्या पुष्कळ क्लचप्लेटांवरही काचेच्या तंतूंचे सूत, कधी त्यात तांब्या-पितळेची तार, राळेत भिजवून गुंडाळलेले आणि भट्टीत पक्के केलेले असते. राळ जळली की सूत किती टिकणार, हे कापडवाल्याला सांगायला नको.

आता सवयींकडे येऊ. गाडी उठवताना रेस किती द्यावी, यात मोठे नुकसान लपलेले आहे. सपाट रस्त्यावर उभी गाडी उठवताना प्लेटमध्ये निघणारी उष्णता इंजिनच्या फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. पंधराशे फेऱ्यांवर जी गाडी उठते ती तीन हजारांवर घोंगावत उठवली, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपटीच्या आसपास जाते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उठवण्याचेही तसेच. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या प्रमाणात पावणेदोन ते दोन पटींचा फरक असतो, म्हणजे उष्णता तिप्पट किंवा त्याहून जास्त. काही चालक गिअर बदलण्याचा कंटाळा करून नाक्यावर दुसऱ्यातच गाडी काढतात आणि त्याला हातसफाई समजतात.

त्याहून वाईट सवय गतिरोधकाची. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, समोर गतिरोधक आला, चालकाने ब्रेक दाबला, गाडी अगदी हळू झाली. आता दुसरा किंवा पहिला गिअर टाकायला हवा. तो टाकत नाही. अर्धा क्लच दाबतो, रेस वाढवतो आणि तिसऱ्यातच ओढून नेतो. गाडी थरथरत नाही म्हणून मागे बसलेल्या मालकालाही बरे वाटते. पण त्या चार-पाच सेकंदांत गिअरबॉक्सचे काम प्लेटने केलेले असते. भिवंडीत कल्याण नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत दिवसातून चार फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे किती वेळा होत असेल, मोजून पाहा. गिअर खाली घेण्याला एक क्षण लागतो.

गर्दीत दुसरा रोग म्हणजे एक-एक फूट पुढे सरकणे. पुढची गाडी हलली की लगेच आपण हलायचे, पुन्हा थांबायचे, आणि सगळा वेळ पाय हाफ क्लचवर. त्यापेक्षा पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, पहिल्यात गाडी उठवून क्लच पूर्ण सोडावा आणि रेस न देता चालू द्यावी. डिझेल गाडी तर अशी आपल्या ताकदीने बरीच दूर रांगते. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा. त्याच्या हॉर्नने आपल्या प्लेटचे पैसे भरून येत नाहीत.

सिग्नलवर पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहण्यात प्लेट झिजत नाही हे खरे, पण रिलीज बेअरिंगवर सगळा भार असतो. न्यूट्रल करावे, पाय बाजूला घ्यावा. चालत्या गाडीत डावा पाय पायडलवर टेकवून ठेवणेही असेच. चालकाला वाटते की पाय नुसता ठेवला आहे. पण पायाच्या वजनाने बेअरिंग सतत दाबले जाते, आणि दाब थोडा वाढला तर स्प्रिंगची पकड ढिली होऊन प्लेट सूक्ष्म घसरू लागते. केबलच्या क्लचमध्ये पायडलच्या सुरुवातीला थोडी मोकळी चाल असावी लागते. किती, ते त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होते. ती उरलीच नाही तर चालकाने पाय न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. केबल जुळवणे पाच-दहा मिनिटांचे काम आहे, दर सर्व्हिसला मिस्त्रीकडून आठवणीने करून घ्यावे. हायड्रॉलिक क्लच बहुधा आपोआप जुळतो, त्याला हे लागत नाही.

घाटाचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण भिवंडी-मालेगाव व्यवहारातल्या गाड्यांच्या वाट्याला कसारा घाट आहे. या चढाची कल्पना यायची तर शेजारच्या रेल्वेकडे पाहावे. १८६५ साली सुरू झालेल्या थळ घाटाच्या लोहमार्गावर सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि आगगाडीला कसाऱ्याहून मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. रस्त्याचा चढ त्याहून सोपा नाही. ट्रॅफिक तुंबले की पुष्कळ चालक ब्रेक न लावता क्लच-रेसच्या तोलावर गाडी चढावर टांगून ठेवतात. पाहणाऱ्याला कसब वाटते. खरे म्हणजे प्लेटला इतकी मार देणारी दुसरी गोष्ट नाही, कारण गाडी एक इंचही हलत नाही आणि प्लेट अखंड रगडली जाते. हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करावे. निघताना पहिला गिअर टाकून क्लच सोडत यावा, गाडी मागून किंचित दबल्यासारखी झाली की थोडी रेस द्यावी, हँडब्रेक सोडावा आणि क्लच पुरता सोडून द्यावा. हँडब्रेक धरत नसेल तर तो आधी दुरुस्त करावा. पुष्कळ क्लच ढिल्या हँडब्रेकपायी गेलेले असतात.

वास आलाच तर रस्त्याच्या कडेला जागा पाहून वीसेक मिनिटे गाडी थंड होऊ द्यावी. वास येत असताना गाडी दामटली तर फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, त्यावर भेगा येतात आणि खर्च प्लेटपुरता राहत नाही. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळून बोगद्यातूनही जाता येते. टोल जास्त पडतो म्हणून लहान गाड्या जुन्याच रस्त्याने नेणाऱ्यांनी टोलच्या हिशेबात क्लचही धरावा.

आता मालकाचा वाटा. उष्णता वजनाच्या प्रमाणातही वाढते. छोटा हत्ती २००५ साली बाजारात आला तो पाऊण टनाच्या बोलीवर. त्यात ताके किती भरले जातात ते आम्ही रोज पाहतो. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले, पण ती माणसे बसवण्याची गाडी असताना तिच्यातही छतापर्यंत गाठी कोंबल्या जात. ग्रे कापड फसवे असते, जागा कमी व्यापते आणि वजन भरपूर. अशी गाडी अरुंद गल्लीत, चढावर, उलटी, गोदामाच्या दारापर्यंत लावायला सांगायचे आणि क्लच टिकावा अशी अपेक्षा धरायची, हे जमणारे नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून दोन हमाल लावले तर ते पुष्कळ स्वस्त पडते.

शिवाय जुनी प्लेट मागून घेण्याची सवय मालकाने लावावी. एका गॅरेजवाल्याने आमच्याकडे निरोप पाठवला होता की चालकाने क्लच जाळला, त्याला समज द्या. आम्ही प्लेट आणायला सांगितली. ती तेलाने चिकट झालेली होती. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपत होते. तेल लागलेली प्लेट कोणाच्याही पायाखाली घसरणारच. सील न बदलता नवी प्लेट बसवली असती तर तीही गेली असती, आणि चालकाला दुसऱ्यांदा समज मिळाली असती. तेव्हा प्लेट वाचायला शिकावे. दोन्ही बाजूंनी सारखी झिजून रिबिटापर्यंत आली असेल तर तिने आपली उमर पुरी केली, कोणाला बोल लावू नये. अस्तर काळे पडून करपले असेल, फ्लायव्हीलवर निळे डाग असतील, तर हाफ क्लचचा किंवा वजनाचा दोष. बेअरिंग आवाज करते आणि स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोके खाल्ली गेली आहेत, तर बहुधा पायडलवर पाय टेकवून चालवले आहे. एका चालकाच्या हातात लाखाच्या वर किलोमीटर चालणारी प्लेट दुसऱ्याच्या हातात वीस हजारांत संपते, हे आम्ही आमच्याच बाजारात पाहिले आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सौदा ठरण्याआधी एक तपासणी करावी. सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढावा, इंजिन चालू ठेवून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन गचकन बंद पडले तर पकड ठीक आहे. फिरतच राहिले तर प्लेट घसरते आहे, किंमत त्याप्रमाणे कमी करून मागावी. हे एकदाच करावे, पुन्हापुन्हा केल्याने चांगली प्लेटही तापते. जाताना चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस देऊन पाहावी. फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही, तर तोच अर्थ. गिअर पडताना करकर होत असेल तर मात्र दुखणे उलटे असू शकते, क्लच पुरता सुटत नाही.

क्लचचे पायडल नसलेली एएमटी गाडी घेणाऱ्यांना वाटते की हा त्रास संपला. पायडल गेले, पण आत प्लेट तीच आहे, फक्त ती यंत्र दाबते. अशी गाडी चढावर रेसच्या तोलावर धरून ठेवली तर तीही जळते. ब्रेक दाबूनच उभे राहावे.

नवी प्लेट बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर ती जपून वापरावी, अस्तराला फ्लायव्हीलवर बसायला वेळ लागतो. त्या आठवड्यात भरलेली गाडी घाटात पाठवू नये. आणि गॅरेजमधल्या पोराला क्लचच्या घरातली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू देऊ नये. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगावे; चिंध्या तर आपल्या दुकानात भरपूर असतात.